दिगूच्या अंगावरची रेघ

सोमवारी सकाळी दिगू चहा घेऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावरून एक लाल रेघ गेलेली होती. डाव्या दंडापासून उजव्या दंडापर्यंत, छातीच्या मधोमध, पट्टी लावून मारावी तशी सरळ. बनियनवर होती, बनियन काढला तर कातडीवर होती. तो ज्या भिंतीपाशी उभा राही तिथे त्याच्या उंचीची एक बारीक उभी रेघ उमटे आणि तो हलला की तीही हले. शिवाय त्याच्या उजव्या कानामागून ठिपक्याठिपक्यांचा एक दोरा निघाला होता. त्याच्या टोकाला चिठ्ठी लोंबत होती. चिठ्ठीवर छापील अक्षरात होतं : वृंदा उमराणीकर. खोडले.

"आंघोळीत घासून बघितली," दिगू म्हणाला. "जात नाही."

"दुखते का?" वृंदाने विचारलं.

"छे. शर्टाची बटणं लावताना जरा मधे येते, एवढंच."

वृंदाने चष्मा पुसून चिठ्ठी पुन्हा वाचली. नाव तिचंच होतं, आणि खोडलंही तिनेच होतं. तिने चहा घेतला. चहात आलं नेहमीइतकंच होतं.

घरात माणसं तीनच. वृंदा थोरली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, घरी बसून लोकांचे प्रबंध आणि स्मरणिका संगणकावर लावून देणारी. दिगू तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करायचा आणि उरलेला सगळा वेळ बापूंचं करायचा. आणि बापू, म्हणजे उमराणीकर सर. कऱ्हाडात अर्ध्या तालुक्याची बोटं त्यांनी टायपिंगला बसवली होती. कचेरीत कुणी न बघता टाइप करताना दिसला की लोक समजत, हा उमराणीकरांच्या वर्गातला.

बापू दिगूशी बोलत नसत. अकरा वर्षं झाली. बापू बदरीनाथला गेले असताना दिगूने वर्गातली टंकयंत्रं भंगारात काढली. परीक्षा संगणकावर व्हायला लागल्या होत्या, यंत्रं गंजत होती, बापू परत येईपर्यंत नवे संगणक मांडून त्यांना चकित करावं असा त्याचा बेत. संगणक यायला उशीर झाला, बापू मात्र वेळेवर आले. त्यांनी रिकाम्या टेबलांवरचे धुळीतले चौकोन पाहिले, गंगेची लोटी वृंदाच्या हातात दिली आणि म्हणाले, "त्याला सांग, पाय धुवायला पाणी काढ म्हणावं." दिगू समोरच उभा होता.

तेव्हापासून सगळा कारभार वृंदामार्फत. "त्याला सांग, नखं वाढलीत." "बापू, तो म्हणतोय हात पुढे करा." नखं दिगूच कापायचा, बापूंचा हात मांडीवर घेऊन, आणि वृंदा दोघांच्या मधे टेलिफोनच्या खांबासारखी उभी. आंघोळ तशीच, गोळ्या तशाच, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर फेरीसुद्धा तशीच. लोकांना वाटे, मुलांनी म्हाताऱ्याला काय जपलंय.

बापूंचं सहस्रचंद्रदर्शन आलं तशी जुन्या विद्यार्थ्यांनी गौरव समिती काढली. अध्यक्ष ठोंबरे वकील, एके काळी टायपिंगच्या वेगाच्या परीक्षेत दोनदा आपटलेले. स्मरणिकेचं काम साहजिकच वृंदाकडे आलं. घरचं माणूस असलं की कुणाला मोबदला आठवत नाही. वकिलांची अट एकच होती. "ताई, ट्रॅक चेंजेस चालू ठेवूनच काम करायचं. कुणी काय घातलं, कुणी काय खोडलं, सगळं दिसलं पाहिजे. उद्या वाद नकोत." ट्रॅक चेंजेस चालू असले की खोडलेलं वाक्य जात नाही. अंगावर लाल रेघ घेऊन तिथेच उभं राहतं. ॲक्सेप्ट म्हटलं की कायमचं जातं, रिजेक्ट म्हटलं की रेघ पुसून पहिल्यासारखं होतं.

कुटुंबाच्या पानावर वृंदाने एक वाक्य घातलं होतं. सरांचे चिरंजीव दिगंबर हे सरांची मनोभावे सेवा करतात. रविवारी दुपारी बापूंनी ते पान खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे नको."

"काय नको, बापू?"

"तो."

"एकच वाक्य आहे."

"एकच आहे तर काढायला कितीसा वेळ लागतोय?"

वृंदाने वाक्य निवडून काळं केलं आणि खोडायचं बटण दाबलं. रेघच तर आहे, तिने मनाशी म्हटलं, गेलं थोडंच आहे.

आता सोमवारी ती दिगूला म्हणाली, "छापायला जायच्या आधी मी रिजेक्ट करते. बापूंनी एकदा पान बघितलं की झालं."

"बरं," दिगू म्हणाला. कशालाही बरं म्हणायचा त्याचा स्वभाव. लहानपणी आईने कुणाला मारायचं ते चुकीचं ठरवलं तरी तो बरं म्हणून हात पुढे करी.

बापूंनी नाश्त्याच्या वेळी रेघेकडे एकदा पाहिलं आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. "त्याला सांग, अंगात नीट काहीतरी घाल. माणसं येतात घरात."

माणसं बुधवारी आली, म्हणजे ठोंबरे वकील आले. फाटकापाशी त्यांची स्कूटर थांबलेली वृंदाला खिडकीतून दिसली, आणि त्याच वेळी दिगू ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघालेला दिसला. पांढऱ्या शर्टावर रेघ ठसठशीत, कानामागे चिठ्ठी हेलकावे खातेय. वकिलाची नजर आधी चिठ्ठीवरच जाणार. वृंदा उमराणीकर, खोडले. सख्ख्या भावाला! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तिने लॅपटॉप पुढे ओढला, वरच्या पट्टीवर जाऊन बदल लपवून फक्त अखेरचा मजकूर दाखवायला सांगितलं, आणि दिगू दिसेनासा झाला.

खोडलेला मजकूर लपवला की पुढचा सरकून त्याची जागा भरून काढतो. तसं घर सरकलं. आवाज नाही, धूळ नाही. मधली खोली एका माणसाच्या रुंदीने अरुंद झाली. दिगूची कॉट भिंतीत मिटली. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या एकमेकींना टेकल्या, आणि खुंट्यांवरच्या तीन छत्र्यांच्या जागी दोन राहिल्या. चहाचा ट्रे मात्र दारातून आत आला आणि स्टुलावर नीट टेकला.

"वा, चहा फक्कड," वकील म्हणाले. "ताई, घरात आणखी कुणी होतं ना तुमच्या?"

"नाही," वृंदा म्हणाली. "आम्ही दोघंच."

तिच्या कोपराला कुणाचा तरी शर्ट घासला. "अक्का, मी इथंच आहे," दिगू हळूच म्हणाला.

"माहितीय. जरा थांब."

वकिलांना वाटलं त्यांनाच सांगितलं. ते कप ओठांशी धरून थांबले.

वकील गेल्यावर लगेच बदल पुन्हा दाखवायचे, असं तिने ठरवलं होतं. पण वकिलांना पोचवून बापू मधल्या खोलीत वळले, आणि ती तर आता बोळच झाली होती. ते कुणावर तरी आदळले.

"कोण ते?"

"मी."

बापूंनी डोळे बारीक केले. समोर कुणी नव्हतं. त्यांनी वृंदाकडे पाहिलं. ती मान खाली घालून काहीतरी टाइप करत असल्याचं दाखवत होती. मग बापू खालच्या आवाजात म्हणाले, "पाय पडला का तुझ्या पायावर?"

"नाही."

"मग असू दे."

वृंदाची बोटं थांबली. अकरा वर्षांत बापू पहिल्यांदा तिच्यावाचून दिगूशी बोलले होते. बापूंच्या बाजूने पाहिलं तर त्यात नियमभंग नव्हता. अबोला धरायचा तर समोर माणूस नको का? सुंठीवाचून खोकला गेला, वृंदाला वाटलं, आणि तिने लॅपटॉप तसाच मिटला.

गुरुवारी घर आणखी आवळलं. दिगूचा टॉवेल ज्या दांडीवर असायचा ती दांडी आखूड झाली, मोरीत दोन बादल्या राहिल्या, जेवणाचं टेबल भिंतीला चिकटलं. घर दोघांचं आणि वावरणारी माणसं तिघं, तेव्हा जाता-येता खांद्याला खांदा लागे, आणि खांदा लागला की बापू काहीतरी बोलत. पाणी तापलंय का रे. औंदा आंबा बघितलास का बाजारात. वृंदा स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता कान देऊन ऐके.

दुपारी नखं कापताना बापू म्हणाले, "सगळी यंत्रं दिलीस ती दिलीस. तुझ्या आईचं तरी ठेवायचं होतंस."

"ठेवलंय."

"कुठं?"

"माळ्यावर. आईच्या लुगड्यात गुंडाळून."

बापूंनी हात मागे ओढून घेतला.

"अकरा वर्षांत सांगितलं नाहीस ते?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही अक्काला विचारायचात, आणि अक्कानं हे विचारलं नाही."

वृंदाच्या हातातलं लाटणं पोळपाटावर तसंच राहिलं. खरंच होतं ते. तिने सगळे निरोप इमानेइतबारे पोचवले होते, स्वतःच्या पदरचा एकही शब्द न घालता. त्यात आपण फार मोठं काही करतोय असं तिला वाटायचं. आता पहिल्यांदा तिला वाटलं की एखादा शब्द घालायला हवा होता.

तिसऱ्या प्रहरी यंत्र माळ्यावरून खाली आलं. हवेतून हळूहळू, एकेक पायरी बघत. बापूंनी कागद मागितला. मग मधल्या खोलीतून टिकटिक सुरू झाली. ओळ संपली की घंटी, घंटी वाजली की कुणीतरी दांडी ढकलून ओळ बदलून देई, कारण बापूंच्या हातात आता तेवढा जोर नव्हता.

"चूक झाली की काय करायचं रे?" बापूंनी वर्गात विचारत तसं विचारलं.

"खोडायचं नाही. कागद बदलायचा."

"शाब्बास."

संध्याकाळी दिगू तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. दिसत नव्हता, पण चहातल्या आल्याचा वास आला.

"अक्का, आज काढतेस का?"

"रविवारचा सत्कार होऊ दे. बापू बोलतायत ना तुझ्याशी?"

"बोलतायत."

"मग? तू दिसायला लागलास की पुन्हा मुके होतील ते. मी ओळखते त्यांना."

"बरं." तो थोडा थांबला. "भांडीवाली हौसाक्का माझं ताट घासत नाही आता. तिला सापडत नाही."

"मी घासीन."

शुक्रवारी वृंदाने भाकऱ्या केल्या, भरली वांगी केली, बापूंना वाढलं, स्वतः वाढून घेतलं. पातेलं पुसून मोरीत टाकलं आणि हातावर पाणी घेतलं तेव्हा तिला समोरच्या भिंतीपाशी कुणीतरी बसल्याचं जाणवलं. बसल्याचं म्हणजे तिथल्या फरशीवर पाटाएवढी जागा कोरडी होती, बाकी सगळीकडे तिने सांडलेलं पाणी होतं.

"दिगू?"

"राहू दे अक्का. फारशी भूक नव्हती."

लहानपणी स्वतःच्या ताटातला लाडू मोडून ज्याला दिला, त्याच्या भाकरीचं पीठच तिने मळलं नव्हतं. विसरली असती तर गोष्ट वेगळी. विसरण्याआधी माणूस आठवणीत तरी असतो. तिने दोघांचं पीठ घेतलं होतं आणि ते तिला अगदी बरोबर वाटलं होतं. डोळ्यांत पाणी आलं तशी ती ओल्या हातांनीच लॅपटॉपपाशी गेली. बदल उघडले, वाक्य सापडलं, बाण रिजेक्टवर नेला. नुसतं बोट टेकवायचं होतं.

मधल्या खोलीत बापू हसले. खळखळून, दाताची कवळी निसटेल इतके. आई गेल्यापासून ते असं हसलेले तिने ऐकलं नव्हतं.

वृंदाने बोट उचललं, बदल पुन्हा लपवले. "रविवारनंतर," ती म्हणाली, कुणी विचारलं नसताना. मग उठून तिने दिगूसाठी भाकरी थापली. तव्यावर ती काही केल्या तळहाताएवढीच झाली.

रविवारी सभागृहात जायला रिक्षा आली. लॅपटॉप ठोंबरे वकिलांनी सकाळीच नेला होता. त्यांना स्मरणिका मोठ्या पडद्यावर दाखवायची होती, छपाईला सोमवारी जायची होती.

"दोघंच ना?" रिक्षावाला म्हणाला.

"तिघं," बापू म्हणाले.

रिक्षावाला म्हाताऱ्याच्या वयाकडे बघून हसला. बापू मधे बसले, एका बाजूला वृंदा, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेवर बापूंनी हात टाकलेला. पेठेतून बाहेर पडता पडता ते म्हणाले, "वृंदे, ते वाक्य परत घाल."

"कुठलं?"

"माहितीय तुला कुठलं. आणि सेवा बिवा लिहू नकोस. माझा मुलगा आहे म्हणून लिही, तेवढं पुरे."

"घालते बापू. कार्यक्रम झाला की पहिलं तेच करते." तिला इतकं हलकं वाटलं की रिक्षाचे गचकेही लागेनात. चार दिवस आपण लपवलं ते बरंच केलं, असंही तिने त्या आनंदात म्हणून घेतलं.

सभागृह गच्च भरलं होतं. औक्षणाआधी वहीतुला होती. बापूंच्या वजनाइतक्या वह्या शाळांना वाटायच्या. मार्केट यार्डातल्या अडत्याकडून मोठा तराजू आणला होता, साखळ्यांना झेंडू बांधले होते. वृंदाच्या हातात औक्षणाचं तबक दिलं, दिवे लावलेलं. पेटलेलं तबक ओवाळल्याशिवाय खाली ठेवायचं नसतं, तेव्हा ती ते धरून तराजूच्या शेजारी उभी राहिली.

बापू पारड्यात चढले तसं पारडं झुललं. त्यांनी घाबरून साखळी पकडली. "धर रे," ते पुटपुटले. पारडं पुन्हा एकदा झुललं, जरा जास्त, आणि शांत झालं. बापूंनी उजवा हात बाजूला खांद्याच्या उंचीवर टेकवला आणि आरामात बसले.

विद्यार्थी वह्यांचे गठ्ठे टाकू लागले. बापू म्हणजे फुंकर मारली तर उडतील असे, दहा-बारा गठ्ठ्यांत काम होईल असा सगळ्यांचा अंदाज. गठ्ठे पडत राहिले, पारडं जमिनीवरून हलेना. आणलेल्या वह्या संपल्या. कुणीतरी धावत जाऊन दुकान उघडून आणखी आणल्या.

"सरांच्या ज्ञानाचं वजन आहे हे!" ठोंबरे वकील माईकवरून म्हणाले. टाळ्या पडल्या. बापू मिश्कील हसले आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे डोळे मिचकावून बघितलं. वृंदालाही हसू आलं. शेवटचा गठ्ठा पडला तेव्हा कुठे दोन्ही पारडी समोरासमोर आली आणि हवेत स्थिर झाली.

"औक्षणाआधी आपण स्मरणिका पाहू," वकील म्हणाले. मागच्या पडद्यावर पहिलं पान उमटलं. वकिलांनी लॅपटॉपवर वाकून पाहिलं. "ताई, यात एक बदल अजून मान्य व्हायचा राहिलाय म्हणतंय."

"असू दे," वृंदा म्हणाली. तिचा आवाज दिव्यांच्या पलीकडे गेला नाही.

"काय म्हणालात?"

सभागृह तिच्याकडे बघत होतं. पहिल्या रांगेत सगळे नातेवाईक होते. कुठला बदल ते सांगायचं म्हणजे कुणाला खोडलं तेही सांगावं लागणार होतं. तिने एक पाऊल पुढे टाकलं, तसे दिवे फडफडले, आणि मागून कुणी बाई म्हणाली, "अगं, तबक, तबक!" वृंदा थांबली. "राहू दे तो, वकीलसाहेब. मी घरी जाऊन बघते."

"घरी कशाला? प्रलंबित काही ठेवू नये, ताई. आणि इथे तर काही दिसतही नाहीये. जे दिसत नाही ते ठेवायचं कशाला?"

"नको!" वृंदा ओरडली.

वकिलांनी ॲक्सेप्टचं बटण दाबलं होतं.

वह्यांचं पारडं धाडकन जमिनीवर आलं आणि बापू वर गेले. साखळ्या ताणल्या, झेंडूच्या पाकळ्या गळाल्या. लोकांना ते फारच आवडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बापू सगळ्यांच्या डोक्यांच्या वर पारड्यात एकटेच हेलकावे खात होते, उजवा हात अजून तसाच बाजूला, खांद्याच्या उंचीवर, बोटं आवळलेली.

"वृंदे," ते वरून म्हणाले, "त्याला सांग, घट्ट धर म्हणावं."

अकरा वर्षं ती निरोप पोचवत आली होती. तबक हातात धरून ती वळली, आणि तोंड कुठल्या बाजूला करायचं ते तिला कळेना.